नळपाणी योजनांच्या कामगिरीवर देखरेख आणि मूल्यमापन यांचा परिणाम कसा होतो: कोकण किनारपट्टीच्या संदर्भात

समाजकार्य विषयाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीवरील काही गावे घेऊन, देखरेख आणि मूल्यमापन यांमुळे पाणीपुरवठा योजनांची कामगिरी सुधारते का, हे प्रबंधासाठी तपासायचे आहे. परिणाम खरोखर होतो का, होत असेल तर तो कोणत्या वाटेने होतो, आणि तो मोजायचा कसा?

परिणाम होतो, आणि तो मोठा असतो. मात्र देखरेखीची व्यवस्था कागदावर आहे की नाही यावरून तो ठरत नाही, कारण कागदावर ती जवळजवळ प्रत्येक योजनेला असते. मोजणी कोणत्या महिन्यात झाली, कोणत्या नळावर झाली, आणि मिळालेला आकडा ज्याच्या हाती पडला त्याला त्यावर काही करण्याचा अधिकार आणि पैसा होता की नाही, या गोष्टींवरून तो ठरतो. कोकणात यांतील पहिली गोष्ट इतकी निर्णायक आहे की ती चुकली तर बाकीची सगळी देखरेख नीट होऊनही योजना उन्हाळ्यात कोरडी पडते.

म्हणून आधी महिन्याविषयी. या पट्ट्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सड्यावरचा, म्हणजे उंच सपाट माळावरचा, जांभा हा लालसर दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी भराभर मुरते, आणि तितक्याच वेगाने उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडून पऱ्ह्यांवाटे, म्हणजे लहान ओढ्यांवाटे, खाडीला जाऊन मिळते. सह्याद्री आणि समुद्र यांतले अंतर कमी, उतार तीव्र आणि नद्या आखूड, त्यामुळे जमिनीत साठून राहणारे पाणी थोडेच. डिसेंबरमध्ये तुडुंब दिसणारी विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते, हे इथल्या कोणत्याही घरातल्या बाईला ठाऊक असते. तरीही योजनेचा स्रोत ठरवताना विहिरीची क्षमता चाचणी अनेकदा अंदाजपत्रक मंजूर करून घेण्याच्या घाईत, म्हणजे हिवाळ्यात उरकली जाते, आणि त्या आकड्यावर पंप, ऊर्ध्ववाहिनी (पाणी टाकीपर्यंत वर नेणारी वाहिनी) आणि टाकी यांचे सगळे गणित बांधले जाते.

मागणीचे टोक नेमके उन्हाळ्यात, विहीर तळ गाठत असतानाच येते, ही कोकणाची दुसरी अडचण. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दररोज 55 लिटर धरले, तर 1,200 वस्तीच्या गावाला दिवसाला 66,000 लिटर लागतात. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात आणि त्याच गावात 1,800 माणसे राहतात. गरज 99,000 लिटरवर जाते. म्हणजे स्रोत वर्षातल्या सर्वांत क्षीण अवस्थेत असताना मागणी दीडपट होते. योजनेची कामगिरी ऑक्टोबरमध्ये तपासणाऱ्या पथकाला यातले काहीही दिसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत मोजते, ती पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु तालुक्यातल्या निरीक्षण विहिरीची पातळी म्हणजे आपल्या योजनेच्या विहिरीची पातळी नव्हे. ज्या ग्रामपंचायती स्वतःच्या विहिरीची पातळी फेब्रुवारीपासून दर आठवड्याला दोरीला गाठी मारून मोजतात आणि वहीत लिहितात, त्यांना टंचाईची चाहूल पाच-सहा आठवडे आधी लागते. तेवढ्या अवधीत पाणी सोडण्याच्या वेळा बदलता येतात, बागांकडे जाणाऱ्या जोडण्यांवर निर्बंध घालता येतात, दुसरी विहीर उपसून साफ करता येते. पावसाळा संपताच पऱ्ह्यांवर घातलेल्या वनराई बंधाऱ्यांचा (माती भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधांचा) आपल्या विहिरीला कितपत उपयोग झाला, हेही याच वहीतून दोन-तीन वर्षांत कळू लागते, एरवी त्याविषयी केवळ मते असतात.

या नियमाला अपवाद आहेत आणि तुमच्या गावांच्या निवडीत ते ध्यानात ठेवावे लागतील. उदाहरणार्थ, कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर बाहेर पडणारे पाणी, चिपळूण तालुक्यात वाशिष्ठी नदीत सोडले जाते. त्यामुळे त्या नदीवर अवलंबून असलेल्या योजनांचे पाणी केवळ ऋतूवर नव्हे तर वीजनिर्मितीवरही अवलंबून असते. अशी योजना आणि सड्याखालच्या झऱ्यावरची योजना यांची कामगिरी एकाच तक्त्यात शेजारी ठेवली, तर देखरेखीचा परिणाम म्हणून जे दिसेल ते प्रत्यक्षात नदीचे असेल.

किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या विहिरींत महिन्याचा प्रश्न आणखी एका रूपाने येतो. उपसा वाढला आणि गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारे पाणी आत सरकते. वाळूच्या थरांसाठी ढोबळ नियम असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची असेल, त्याच्या सुमारे 40 पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणजे वरची पातळी अर्धा मीटर घटली तरी खाली खाऱ्या पाण्याला चढायला बराच वाव मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1,000 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना या मर्यादेत सहज बसतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल 'पिण्यायोग्य' असा येतो. त्याच विहिरीचे पाणी मेमध्ये जिभेला मचूळ लागते. ज्या गावांत क्षारता मोजण्याचे हातातले छोटे उपकरण असते आणि मार्चनंतर दर पंधरवड्याला वाचन घेतले जाते, तिथे आकडा चढू लागताच सलग आठ तासांचा उपसा तोडून सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तासांवर आणता येतो. विहीर एकदा खारावली की ती परत गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात, म्हणून इथे देखरेखीचे मोल दुरुस्तीच्या खर्चापेक्षा फार मोठे आहे.

आता कोणत्या नळावर मोजायचे याविषयी. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळजोडणीचे उद्दिष्ट ठेवले. मूळ मुदत 2024 ची होती आणि पुढे ती 2028 पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. या कार्यक्रमाच्या प्रगतीचा सर्वांत ठळक आकडा म्हणजे दिलेल्या जोडण्यांची संख्या. जोडणी म्हणजे काम आहे, पाणी हा त्या कामाचा परिणाम आहे, आणि देखरेख ज्या आकड्यावर खिळते तिकडेच यंत्रणेची शक्ती वळते. याच मिशनखाली 2022 मध्ये देशभर झालेल्या पाहणीत जोडणी पूर्ण कार्यक्षम आहे की नाही हे प्रमाण, गुणवत्ता आणि नियमितता या तिन्हींवर तपासले गेले, तेव्हा सुमारे 62 टक्के घरांच्या जोडण्या त्या कसोटीला उतरल्या. जोडण्यांची टक्केवारी आणि कार्यक्षम जोडण्यांची टक्केवारी यांतील हे अंतर केवळ मूल्यमापनामुळे दिसले; मासिक प्रगती अहवालातून ते कधीच दिसले नसते.

कोकणात गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. एकाच महसुली गावात आठ-दहा वाड्या, त्यांत एक खाडीकाठी, दुसरी टेकडीच्या कुशीत, तिसरी थेट सड्यावर. गावाची सरासरी 55 लिटरच्या वर असू शकते आणि त्याच गावातल्या शेवटच्या वाडीला दिवसाआड दोन हंडे मिळत असू शकतात. पुष्कळदा ही शेवटची वाडी बौद्धवाडी किंवा धनगरवाडा असतो, आणि वाहिनीच्या टोकाला असण्याबरोबरच ग्रामपंचायतीच्या चर्चेतही तो टोकालाच असतो. त्यामुळे देखरेखीचे एकक गाव असता कामा नये, ते वाडी असायला हवे, आणि वाडीतला सर्वांत उंच किंवा सर्वांत दूरचा नळ हे मोजणीचे ठिकाण असायला हवे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. 15 लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. बादली तीन मिनिटांत भरत असेल तर नळ मिनिटाला पाच लिटर देतो. पाणी अर्धा तास येत असेल तर घराला 150 लिटर मिळतात. पाच माणसांच्या घराची गरज 275 लिटर आहे, म्हणजे माणशी 30 लिटरच पोहोचले. ही नोंद महिन्यातून दोनदा, वाडीतल्याच एखाद्या बाईने ठेवली, तर योजनेची खरी कामगिरी तिच्या वहीत असते.

मूल्यमापनासाठी कोकणात आणखी एक आधार तयार मिळतो आणि संशोधक तिकडे क्वचितच पाहतात, याचे मला वाईट वाटते. जिल्हा प्रशासन दरवर्षी पाणीटंचाई कृती आराखडा करते. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत असतो आणि त्यात टँकर कोणत्या गावाला व कोणत्या वाडीला लागणार याची नोंद असते. पूर्ण झालेल्या योजनांची यादी घ्यावी, पुढच्या तीन-चार वर्षांचे टंचाई आराखडे आणि प्रत्यक्ष टँकर फेऱ्यांच्या नोंदी घ्याव्यात, आणि वाडीच्या नावाने दोन्ही ताडून पाहावे. जी वाडी योजना पूर्ण झाल्यावरही एप्रिल-जूनच्या टप्प्यात दिसते, तिथे योजनेचे उद्दिष्ट साधलेले नाही, मग कार्यपूर्तीचा दाखला काहीही म्हणो. कोणाचे मत न विचारता मिळणारा हा पुरावा आहे.

बांधकामाच्या काळातली देखरेख वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते. पाणीपुरवठ्याच्या कामातला मोठा भाग जमिनीखाली जातो, आणि एकदा चर बुजवला की पाहणाऱ्याला काही दिसत नाही. जांभ्यात आणि त्याखालच्या काळ्या कातळात चर खणणे कष्टाचे आणि खर्चिक असल्याने, जिथे कोणी पाहत नाही तिथे वाहिनी वीतभर खोल किंवा सरळ कातळावरच टाकली जाते. त्याचे फळ पहिल्या दोन उन्हाळ्यांतच मिळते: सड्यावर वणवा लागतो आणि उघडी पडलेली प्लॅस्टिकची वाहिनी शेकडो फूट जळून जाते, किंवा आंब्याच्या हंगामात बागेतून जाणाऱ्या गाड्यांखाली ती फुटते. म्हणून तपासणीचा दिवस चर बुजण्याच्या आधीचा असला पाहिजे. खोलीची मोजणी, वाहिनीची दाब चाचणी आणि मापन पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मोजमापे लिहिण्याच्या सरकारी वहीतली) नोंद या तीन गोष्टी याच क्रमाने झाल्या आणि देयक त्यांना बांधलेले असले, तर त्रयस्थ तपासणीचा उपयोग होतो. रस्त्यालगतच्या टाकीची आणि पंपघराची पाहणी करून निघून जाणारे पथक खर्चाचा सर्वांत धोक्याचा भाग न पाहताच जाते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतल्या दोन सदस्यांना केवळ खोली मोजायची पट्टी देऊन चरावर उभे केले, तरी कामाच्या दर्जात फरक पडतो. हे मी एकाहून अधिक तालुक्यांत पाहिले आहे.

योजना सुरू झाल्यानंतरची देखरेख मात्र सर्वांत दुर्लक्षित असते, कारण तोवर निधी खर्ची पडलेला असतो आणि वरच्या कार्यालयांचे लक्ष पुढच्या योजनेकडे गेलेले असते. या टप्प्यावर ग्रामपंचायतीला पंचवीस रकान्यांची नोंदवही देऊन काही साधत नाही. पाणी सोडणारा माणूस एकच असतो, त्याचे मानधन तुटपुंजे असते, आणि भरलेले रकाने कोणी वाचत नाही हे त्याला चांगले ठाऊक असते. थोडे आकडे घ्यावेत, पण असे घ्यावेत की त्यांतून बिघाड कळेल.

पहिला आकडा विजेचा. 1,000 लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला सिद्धान्तानुसार सुमारे 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता 50 टक्के धरली तर 0.55 युनिट. दिवसाला 66,000 लिटर चढवणाऱ्या योजनेला महिन्याला साधारण 1,090 युनिट पुरे व्हायला हवेत. प्रमाण हजार लिटरला 0.9 युनिटवर गेले तर त्याच पाण्याला सुमारे 1,780 युनिट लागतात. म्हणजे पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजले आहे, पायझडप (विहिरीतल्या नळाच्या टोकाची झडप) नीट बसत नाही, किंवा ऊर्ध्ववाहिनी कुठेतरी गळते आहे. पंपघरातले पाण्याचे मीटर आणि विजेचे मीटर महिन्याच्या एकाच तारखेला वाचले की हे कळते. अनेक योजना वीजबिल थकल्याने बंद पडतात आणि त्यासाठी पाणीपट्टी न भरणाऱ्या लोकांना दोष दिला जातो. पण बिलातला मोठा हिस्सा कधीकधी न पोहोचलेल्या पाण्याचा असतो, हे या दोन मीटरांशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा आकडा गळतीचा. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीतली पातळी पाहावी आणि पहाटे पुन्हा पाहावी. चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद टाकीत आठ तासांत पातळी 10 सेंटिमीटर उतरली, तर 1,600 लिटर गेले. ही गळती टाकीची किंवा बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हची आहे. दिवसभराचा हिशेब 4,800 लिटरचा होतो, म्हणजे 87 माणसांच्या वाट्याचे पाणी.

तिसरा आकडा क्लोरीनचा, आणि इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण कृतीची नोंद आणि परिणामाची नोंद यांतला फरक याच्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. ताज्या टीसीएल पावडरमध्ये, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरमध्ये, साधारण 33 टक्के क्लोरीन असते. लिटरला 2 मिलिग्रॅम मात्रेसाठी 66,000 लिटर पाण्याला सुमारे 400 ग्रॅम पावडर लागते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पोते उघडे राहिले की तिची शक्ती झपाट्याने उतरते. ती 15 टक्क्यांवर आली तर तेवढ्याच पावडरने मात्रा 0.9 मिलिग्रॅमवर येते, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ती वाटेतच संपून जाते. नोंदवहीत रोज 'टीसीएल 400 ग्रॅम टाकले' असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य असते. ग्राहकाच्या नळाला लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे, असे मानक सांगते. शेवटच्या नळावरची ओटी चाचणी (पाण्यात रसायन टाकून रंगावरून क्लोरीन ओळखण्याची) ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, आणि जलसुरक्षकाने, म्हणजे गावातल्या पाण्याची शुद्धता पाहणाऱ्या माणसाने, पावडर टाकल्याच्या नोंदीऐवजी त्या चाचणीचा रंग नोंदवायला सुरुवात केली की पावडरची साठवणूक आपोआप सुधारते. राज्यात वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही पद्धत साधी आणि लोकांना समजणारी असल्याने उपयोगी आहे. लाल कार्ड मिळाल्याची बातमी गावात पोहोचते आणि त्यावर बोलणे होते. पण दोन सर्वेक्षणांमधल्या सहा महिन्यांत नळावर काय चालले आहे, हे कार्ड सांगू शकत नाही.

आता आकडा ज्याच्या हाती पडतो त्याच्याविषयी. देखरेखीच्या परिणामावर जगभरात झालेल्या अभ्यासांतून दोन निष्कर्ष तुमच्या प्रबंधाला थेट उपयोगी पडतील. इंडोनेशियात 600 हून अधिक गावांतल्या रस्त्यांच्या कामांवर एक प्रयोग झाला. सरकारी लेखापरीक्षण निश्चित होणार हे आधीच सांगितलेल्या गावांत हिशेबात न सापडणारा खर्च सुमारे 8 टक्के बिंदूंनी घटला, तर केवळ ग्रामसभेतला सहभाग वाढवण्याचा सरासरी परिणाम फारच थोडा दिसला. दुसरा अनुभव राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचा आहे. तिथे आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांची हजेरी वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने घेऊन गैरहजेरीबद्दल वेतनकपात ठरवली गेली. पहिले काही महिने उपस्थिती बरीच वाढली, पण पुढे प्रशासनानेच सवलतीचे दिवस देण्यास सुरुवात केली आणि दीड वर्षाच्या आत सगळा फरक नाहीसा झाला. यंत्र तेच होते, मोजणीही अचूक होती. पाणीपुरवठ्यात याचा अर्थ असा की नोंद झालेल्या बिघाडावर किती दिवसांत, कोणी आणि कोणत्या पैशातून कृती केली, हा देखरेखीचाच एक भाग मानला पाहिजे. माहिती वर जाते आणि खाली काहीच येत नाही, अशी व्यवस्था दोन वर्षांत खोटे आकडे तयार करू लागते, कारण नोंद ठेवणाऱ्याला खरे आणि खोटे यांत काही फरक उरत नाही.

इंडोनेशियातल्या निष्कर्षावरून गावातली देखरेख निरुपयोगी ठरवण्याची घाई मात्र करू नये. रस्त्यावरचा खर्च लपतो. नळाला पाणी आले की नाही हे लपत नाही, आणि ज्या गोष्टीचा चटका घराघराला बसतो तिथे लोक हिशेब मागतात. जागतिक बँकेने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 121 ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पांवरच्या अभ्यासातही लोकसहभाग आणि प्रकल्पाची परिणामकारकता यांचा संबंध घट्ट आढळला होता. कोकणात तर यासाठी एक नेमका दिवस उपलब्ध आहे. 1 मे च्या ग्रामसभेच्या वेळी पाणी फार कमी झालेले असते आणि चाकरमानी गावात असतात. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी अनेक गावांत पाण्याच्या कामांना वर्गणी दिलेली असते आणि तिचा हिशेब मागण्याची सवयही त्यांना असते. विहिरीची पातळी, वाडीवार बादलीचे आकडे, विजेचे युनिट, वसूल आणि थकीत पाणीपट्टी, आणि झालेल्या दुरुस्त्या हे सगळे एका पानावर लिहून त्या सभेत वाचले जाते, तिथे पाणीपट्टीची वसुली आणि दुरुस्तीचा वेग दोन्ही सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

तरीही देखरेखीकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. स्रोतात पाणीच नसेल तर मोजून ते येत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा पुढे अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि पंपावर चालणाऱ्या योजना थांबल्या. उताराने येणाऱ्या झऱ्याच्या पाण्याचे तसे झाले नाही. असा धडा आराखड्याच्या पातळीवर घ्यायचा असतो आणि ते काम मूल्यमापनाचे आहे, रोजच्या नोंदींचे नाही. पंपाची योजना आल्यावर जुना झरा आणि त्याची वाहिनी सोडून द्यायची की राखीव म्हणून सांभाळायची, असा निर्णय दर पाच वर्षांनी होणाऱ्या गंभीर मूल्यमापनातून यायला हवा, आणि ते मूल्यमापन योजना पूर्ण झाल्यावर नव्हे तर बदल करायला वाव असताना झाले पाहिजे.

तुमच्या अभ्यासाच्या रचनेविषयी सांगायचे तर, या विषयावरच्या कित्येक प्रबंधांत अधिकाऱ्यांना आणि समिती सदस्यांना 'देखरेख प्रभावी आहे का' आणि 'योजना यशस्वी आहे का' हे दोन्ही प्रश्न पाच पर्यायांत विचारलेले असतात, आणि उत्तरांतला सहसंबंध हाच निष्कर्ष म्हणून मांडलेला असतो. एकाच माणसाने दोन्ही उत्तरे दिल्यावर ती जुळणारच; त्यातून योजनेविषयी काही कळत नाही. देखरेख कागदपत्रांवरून मोजावी आणि कामगिरी नळावर मोजावी, म्हणजे दोन्हींचे स्रोत वेगळे राहतील.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. ज्या योजना आजारी असतात तिथेच अधिकारी जास्त वेळा जातात. भेटींची संख्या आणि पाण्याचे प्रमाण यांचा साधा संबंध काढला तर तपासणीमुळे योजना बिघडतात असा विपरीत निष्कर्ष निघेल. म्हणून वेळापत्रकानुसार झालेल्या भेटी आणि तक्रारीनंतर झालेल्या भेटी वेगळ्या मोजाव्यात. याच्या उलट, ज्या गावात सरपंच आणि ग्रामसेवक कामसू असतात तिथे नोंदीही चांगल्या असतात आणि पाणीही चांगले असते. तेव्हा नोंदींमुळे पाणी सुधारले असे म्हणण्याआधी त्याच गावात नोंदी सुरू होण्यापूर्वीची स्थिती काय होती हे पाहावे लागेल. जुनी आधारभूत माहिती नसेल तर टंचाई आराखडे इथेही मदतीला येतील, कारण ते मागच्या वर्षांचेही मिळतात.

गावे थोडी घ्यावीत, पण जोड्यांनी घ्यावीत: एकाच प्रकारचा स्रोत, साधारण सारखी चढण, जवळपास सारखी वस्ती आणि सारखेच वय असलेल्या दोन योजना, ज्यांतल्या एका गावात विहिरीच्या पातळीची आणि शेवटच्या नळाची नियमित नोंद होते व दुसऱ्यात होत नाही. खाडीकाठची, सड्यावरची आणि नदीवरची अशी किमान एकेक जोडी असावी. प्रत्येक गावात जानेवारीत एकदा आणि मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एकदा जाऊन प्रत्येक वाडीच्या शेवटच्या नळावर बादली, क्षारता आणि क्लोरीन या तीन मोजण्या कराव्यात. मेमध्ये घरात किती माणसे आहेत ते त्या दिवशीच मोजावे, शिधापत्रिकेवरून घेऊ नये. शेवटच्या बारा महिन्यांतल्या बिघाडांची यादी पाणी सोडणाऱ्याकडून आणि वाडीतल्या बायकांकडून स्वतंत्रपणे घेऊन, प्रत्येक बिघाड कळल्यापासून दुरुस्त होईपर्यंतचे दिवस लिहावेत. माझ्या मते देखरेखीचा परिणाम तुम्हाला सर्वांत स्पष्टपणे दिसेल तो या शेवटच्या रकान्यात.